जंगलात झाड का वाढतं, का अडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलात फिरायला येणारी मंडळी, पडीक जमिनीवर साग लावलेले शेतकरी, सोसायटीच्या कोपऱ्यात रोपं लावणारी मुलं, सगळ्यांचे प्रश्न फिरून एकाच जागी येतात: झाड वाढत का नाही? खालची उत्तरं मुख्यतः सह्याद्री आणि विदर्भातली जंगलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

महाबळेश्वरला एवढा पाऊस पडतो, तरी तिथली झाडं ठेंगणी का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझ्या मते सर्वांत चांगला आहे, कारण ‘पाऊस भरपूर म्हणजे झाडं मोठी’ हा आपला पक्का समज तो मुळापासून हलवतो. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माथ्यावरची अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा ही झाडं बहुतेक ठिकाणी दोन-तीन पुरुष उंचीवरच थांबलेली.

पाऊस किती पडला यापेक्षा तो मुळांशी किती दिवस राहिला, हे झाडाच्या दृष्टीने महत्त्वाचं. इथला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो. खाली जांभ्याचा थर, त्यावर माती कुठे वीतभर, कुठे चार बोटं. पाणी येतं तसं उतारावरून कोयनेत नाहीतर कड्यावरून सावित्रीत उतरतं. दिवाळी सरली की पुढचे सहा-सात महिने कोरडे. पावसाळ्यात पाणी असतं, तर ढग-धुक्यानं सूर्य दिसत नाही. उन्हाळ्यात ऊन असतं, तर मुळाशी ओल नसते. झाडाला अन्न तयार करायला दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि असे दिवस तिथे थोडे. त्यावर माथ्याचा वारा. जरा वर गेलेला शेंडा तो सुकवतो नाहीतर मोडतो.

कड्याच्या काठावरचं एखादं जांभळाचं झाड जवळून बघा. खोड शेवाळानं भरलेलं, फांद्या वाऱ्याच्या उलट बाजूला झुकलेल्या, आणि मुळं जांभ्याच्या फटीत पाचर ठोकावी तशी शिरलेली. हेच जांभूळ खाली ओढ्याकाठच्या खोल गाळात मान वर करून बघावं लागेल एवढं होतं. जात तीच, जागा वेगळी.

मग नेमकं काय अडवतं: पाणी, प्रकाश की माती?

त्या जागी, त्या महिन्यात जे सर्वांत तोकडं असेल ते. घरात पीठ आहे, पाणी आहे, तवा आहे. सरपण संपलं तर कितीही पीठ मळा, भाकरी होत नाही. पिकांच्या पोषणाबाबत हा नियम जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावानं तो जगभर गेला.

जंगलात फरक एवढाच की सरपण आज संपतं, तर उद्या पीठ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला एप्रिलात पाणी कमी पडतं; त्याच जंगलातल्या खालच्या रोपाला ऑगस्टात पाणी मुबलक असतं, पण वरच्या पानांच्या छपरामुळे ऊन पोचत नाही. मातीचंही तसंच. सागाला खोल, निचऱ्याची, चुना असलेली जमीन मानवते. म्हणून नदीकाठच्या गाळात तो भरभर जाडी धरतो. पाणी तुंबणाऱ्या चिकण काळ्या जमिनीत रडतो, आणि निव्वळ जांभ्यावर तर खुरटतोच. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम इतकं असतं की स्फुरद (फॉस्फरस) त्यालाच चिकटून बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही. उलट खानदेशातला अंजन बघा. जिथे दुसरं झाड उभं राहणार नाही अशा खडकाळ बरड जमिनीत तो सोटमूळ फटीतून खोल घालतो आणि खालच्या ओलीवर जगतो.

त्यामुळे ‘कोणतं झाड लवकर वाढतं?’ असं कुणी विचारलं की मी आधी जमीन विचारते.

उन्हासाठीची चढाओढ आणि पाण्यासाठीची चढाओढ, दोन्ही सारख्याच का?

नाही, आणि हा फरक कळला की जंगलाची रचना उलगडायला लागते. ऊन वरून एकाच बाजूनं येतं. शेजाऱ्यापेक्षा हातभर उंच असलेलं झाड बरंचसं ऊन आधी घेतं आणि खालच्याला उरलंसुरलं मिळतं. जास्त ऊन म्हणून जास्त वाढ, जास्त वाढ म्हणून आणखी ऊन. सुरुवातीचा हातभर फरक दहा वर्षांत दोन मजल्यांचा होतो. पाण्याचं तसं नाही. ज्याची जेवढी मुळं, त्याला साधारण तेवढा वाटा. मोठं झाड जास्त पितं, पण लहानाच्या तोंडचं सगळंच काढून घेऊ शकत नाही.

म्हणून आंबोली किंवा कोयनेसारख्या ओल्या, दाट जंगलात खरी लढाई उंचीची असते: खोडं सरळ, मजल्यावर मजले, जमिनीवर अंधार. मेळघाटाच्या कोरड्या उतारांवर ती लढाई जमिनीखाली चालते. तिथे झाडं सुटी सुटी उभी दिसतात, मधे गवत वाढतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की जागा रिकामी आहे. ती जागा मुळांनी कधीच भरलेली असते.

घनदाट जंगलात जमिनीपर्यंत किती ऊन पोचतं?

सदाहरित जंगलात वरच्या उन्हाच्या साधारण १ ते २ टक्के. तेही बरंचसं कवडशांच्या रूपात, थोड्या थोड्या वेळापुरतं.

एवढ्या अंधारात रोपं जगतात तरी कशी?

थांबून. देवराईत खाली वाकून बघितलंत तर गुडघाभर उंचीची, करंगळीएवढ्या खोडाची रोपं दिसतील: कोकम, अंजनी, पारजांभूळ. बघणाऱ्याला ती गेल्या वर्षीची वाटतात. त्यांतलं एखादं दहा-पंधरा वर्षांचं असू शकतं. पानं थोडी, गडद आणि टिकाऊ. वर्षाला एखाददोन नवी पानं आली तरी त्यांचं भागतं. जगण्यापुरती कमाई, वाढीला शिल्लक शून्य.

मग एखाद्या आषाढात वरचं जुनं झाड उन्मळून पडतं आणि छपराला भोक पडतं. तिथे दोन प्रकारची झाडं धावतात. एक म्हणजे ही थांबलेली रोपं. दुसरा चांदाड्यासारखा उतावळा गडी: बी पडल्यावर काही वर्षांतच डोक्यावर जाणारा, हलक्या लाकडाचा, सावली अजिबात न सोसणारा. आधी चांदाडा जिंकतो. पण त्याचं आयुष्य कमी, आणि त्याच्या सावलीत दुसऱ्यांची वाट मोकळी होत जाते. अशी भोकं पडत राहणं ही जंगलाची रोजची रीत आहे. म्हणून पडलेलं झाड उचलून जंगल ‘स्वच्छ’ करायची घाई करू नका.

सागाच्या कोरड्या जंगलातलं थांबणं निराळं. तिथे रोपाचा वरचा भाग उन्हाळ्यात सुकतो किंवा वणव्यात जळतो, पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतो, पुन्हा जळतो. वर काही दिसत नाही, पण खाली मूळ मनगटाएवढं होत राहतं. त्यात साठा पुरेसा झाला आणि एखादं वर्ष विनावणव्याचं मिळालं की एकाच पावसाळ्यात तो फुटवा गवताच्या वर निघतो.

दाट लावली की झाडं सरळ आणि उंच होतात, हे खरं ना?

अर्धं खरं. शेजाऱ्यांच्या सावलीमुळे खालच्या फांद्या मरून गळतात आणि बिनगाठीचं सरळ खोड मिळतं. बांधावरचा एकटा आंबा बुटका, पसरट आणि खालपासून फांद्यांचा असतो, तो याच कारणानं. त्याला वर जाण्याची गरजच पडत नाही. पण दाटीत उंची फारशी अडत नसली तरी जाडी नक्की अडते. झाड आधी शेंड्याला देतं, मुळाला देतं, आणि मग उरलं तर खोडाच्या जाडीला.

सागाची विरळणी का करायची? लावलेली झाडं तोडायची म्हणजे नुकसानच नाही का?

हा प्रश्न आमच्या घरातही होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या गावी एका एकरावर साग लावला तेव्हा २ बाय २ मीटर अंतर ठेवलं. हेक्टरी अडीच हजार, म्हणजे एकरी हजाराच्या आसपास रोपं. रोपं ज्यांच्याकडून आणली त्यांनी विरळणीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. पहिली चार वर्षं झाडं अशी वाढली की बघणारा थांबून बघायचा. मग पानाला पान भिडलं. चौथ्या-पाचव्या वर्षी निम्मी काढायला हवी होती. आईचा जीव होईना. हातानं पाणी घालून जगवलेलं झाड हातानं कसं तोडायचं? बाराव्या वर्षी तिथे काठ्यांचं बन होतं.

शेवटी विरळणी केली तेव्हा तोडलेल्या बुंध्यांच्या कापावर सगळा हिशोब लिहिलेला होता. मधली चार-पाच वर्तुळं करंगळीएवढी रुंद. त्यानंतरची सगळी एकमेकांना चिकटलेली, ओल्या बोटानं पुसून आणि नखानं मोजावी लागली एवढी बारीक. पाऊस त्या वर्षांतही पडला होता, जमीनही तीच होती. वाटेकरी वाढले होते.

अमेरिकेतल्या रीनिकी यांनी १९३३ मध्ये एकाच जातीच्या, एका वयाच्या दाट रानांची मोजमापं मांडून एक संबंध दाखवला: सरासरी व्यास दुप्पट होईपर्यंत त्याच जागेत जास्तीत जास्त एक तृतीयांशाच्या आसपास झाडं मावतात. घेराचंही गणित तेच. आज ३० सेंटिमीटर घेराची तीनशे झाडं दाटीवाटीनं उभी असतील, तर ती ६० सेंटिमीटरची होतील तेव्हा शंभर उरतील. उरलेली दोनशे कोणत्या तरी मार्गानं जाणार आहेत. वेळेवर आपण काढली तर राहणाऱ्यांना त्यांचा वाटा आधी मिळतो, आणि काढलेल्यांचे वासे होतात.

काढताना दबलेली, वाकडी, दुबेळक्याची आणि रोगट झाडं आधी. पण तेवढ्यावर थांबू नका. दबलेलं झाड तसंही फार काही खात नसतं. चांगल्या झाडाच्या डोक्याला डोकं भिडवून उभा असलेला दुसरा चांगला गडीही काढावा लागतो, आणि मन घट्ट करायचं ते तिथेच. सागतोडीला वनखात्याची परवानगी लागते, त्याचा अर्ज आधी करा.

आमच्या उरलेल्या झाडांचा घेर दर मे महिन्यात छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, फितीनं मोजतो. तिसऱ्या वर्षी फरक फितीशिवाय दिसायला लागला. गेलेली सात-आठ वर्षं मात्र लाकडात परत आली नाहीत.

विरळणी केलीच नाही तर निसर्ग करणार नाही का?

करेल. पण त्याला वेळ लागेल, आणि तोवर सगळीच झाडं अशक्त होतील. अशा रानात खोडकिडा, वारा आणि दुष्काळ यांचं फावतं. नैसर्गिक जंगलात हेच योग्य, तिथे हात लावू नये. लाकडासाठी लावलेल्या रोपवनात मात्र ते परवडत नाही.

मियावाकी पद्धतीत तर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. ती कशी वाढतात?

भांडून. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली तेव्हा ही चढाओढ त्यांनी जाणूनबुजून वापरली: स्थानिक झाडांची मिसळ, भुसभुशीत केलेली सकस माती, सुरुवातीची दोन-तीन वर्षं निगा, आणि मग उन्हासाठी शर्यत. हेक्टरी तीस-चाळीस हजार रोपांतली बहुतेक मरतील हे त्यात गृहीतच आहे. १९६३ मध्ये योदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाटीत वाढणाऱ्या वनस्पतींसाठी असाच एक नियम मांडला होता: संख्या पाव होते तोवर प्रत्येकीचं सरासरी वजन आठपट झालेलं असतं. प्रत्येक जातीत आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा चुकत नाही.

शहरात हिरवी भिंत हवी असेल, माती आणि पाणी पुरवायची तयारी असेल, तर जरूर करा. ‘दहा हजार झाडं लावली’ हा आकडा मात्र पाच वर्षांनी पुन्हा मोजा. आणि माळरानावर, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, ही पद्धत नेऊ नका. तिथे पाण्याचा वाटा मुळातच इतका लहान आहे की शर्यत संपायच्या आत सगळेच धावणारे कोसळतात.

कासच्या सड्यावर झाडं का नाहीत? लावावीत का?

माती नाही म्हणून नाहीत, आणि लावू नयेत. पावसाळ्यात चार महिने पाणथळ, उन्हाळ्यात तापलेला तवा. त्या चार बोटं मातीत सीतेची आसवं आणि गेंद ही इवली फुलझाडं जे करून दाखवतात ते झाडांना जमणारं नाही. झाड नसलेली जागा म्हणजे उजाड जागा, ही समजूत तेवढी सोडायला हवी.

उन्हाळ्यात पाणी नसतं, मग चैत्रात पालवी कुठून फुटते?

फार सुंदर प्रश्न. कुसुमाची लालभडक पालवी, करंजाची चकचकीत पोपटी पानं, दोन्ही ऐन कडक उन्हात, पहिल्या वळवाच्याही आधी येतात. त्यामागे दोन गोष्टी. एक तर पानं गाळल्यावर झाडाचा पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. मुळं पाणी ओढत राहतात आणि खोड हळूहळू पुन्हा भरतं. दुसरं म्हणजे या झाडांची मुळं खोल, जिथे मेमध्येही ओल असते. दिवस मोठा होतो, आकाश निरभ्र, शेजारी पर्णहीन: उन्हाची एवढी चंगळ वर्षात पुन्हा नाही. जून उजाडतो तेव्हा ही पानं कामाला तयार असतात. ज्यांची मुळं एवढी खोल नाहीत त्यांना पावसाची वाट बघावी लागते. पळस आणि सावर आधी फुलं उरकून घेतात, पानांचं नंतर बघतात.

वेली आणि बांडगुळांमुळे झाड खरंच मरतं का?

बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ घालून पाणी आणि क्षार ओढतं. अन्न बरंचसं स्वतःच्या हिरव्या पानांत बनवतं. एक-दोन असतील तर झाड सोसतं. आंब्यावर माजलं की बांडगुळाच्या पुढची फांदी वाळते. ते फांदीसकट कापावं लागतं, नुसतं ओरबाडून परत येतं.

महावेलींचा मामला वेगळा. गारंबीसारखी वेल स्वतःच्या खोडावर फारसा खर्च करत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून छपरावर पानं पसरते आणि आधार देणाऱ्याचंच ऊन अडवते. वाढ खुंटते, हे नक्की. तरीही देवराईतली गारंबी कुणी तोडू नये. माकडांची ये-जा, पाखरांची घरटी, खारींचे रस्ते त्यावर आहेत. एका झाडाची जाडी वाढवण्यासाठी जंगल उसवायचं नसतं.

घाणेरी आणि रानमोडीनं रान भरलंय. त्याचा मोठ्या झाडांवर परिणाम होतो का?

मोठ्यांवर फारसा नाही, पुढच्या पिढीवर होतो. बाहेरून आलेल्या या झुडपांच्या जाळीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे मोठं झाड मरतं तेव्हा त्याची जागा घ्यायला खाली कुणीच उभं नसतं. कारवी आपली स्थानिक असूनही दाट सावली धरते, पण सात-आठ वर्षांनी एकदम फुलून मरते आणि रोपांना एक संधी देते. विदर्भातला बांबूही काही दशकांनी असाच फुलतो आणि मरतो. घाणेरी अशी सुट्टी देत नाही. उपटायची तर मुळासकट, पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असताना, आणि लगेच तिथे गवत किंवा रोपं येतील हे बघून.

आईच्या झाडाखाली तिचीच रोपं का टिकत नाहीत?

सावली आणि मुळांची ओढाताण आहेच. शिवाय त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरशी तिथेच दबा धरून असतात. डॅनिएल जॅन्झन (१९७०) आणि जोसेफ कॉनेल (१९७१) यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. धनेशानं गिळून दूर टाकलेल्या बीचं नशीब म्हणून जास्त बरं.

झाडं मुळांतल्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न देतात, मग चढाओढ कसली?

मुळांशी राहणारी बुरशी झाडाला स्फुरद आणि पाणी मिळवून देते व बदल्यात साखर घेते, यात शंका नाही. कॅनडात सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एका झाडातला कार्बन दुसऱ्यात पोचल्याचं दाखवलं, हेही खरं. पण त्यावरून ‘आई-झाड पिल्लांना भरवतं’ इथपर्यंत उडी घेतली गेली. २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तीन संशोधकांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि प्रत्यक्ष जंगलात तो फार तोकडा असल्याचं लिहिलं. मला ती कल्पना मनापासून आवडायची, म्हणून सोडताना वाईट वाटलं.

शेजाऱ्याची मदत होतेच, पण साध्या रीतीनं. माळावर बोराटीच्या काट्यांत पडलेलं बी शेळीच्या तोंडातून वाचतं, जरा सावली मिळते, ओल टिकते. तेच रोप मोठं झालं की बोराटीचं ऊन खातं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, म्हणजे झाडं जास्त वाढतील ना?

सिडनीजवळच्या जुन्या निलगिरीच्या रानात हा प्रयोग झाला. झाडांना चार वर्षं जास्त कार्बन डायऑक्साइड दिला. त्यांनी १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला, पण खोडं काही जाड झाली नाहीत. तो कार्बन मुळं आणि मातीतून पुन्हा हवेत गेला. २०२० मध्ये हा हिशोब प्रसिद्ध झाला. त्या मातीत स्फुरद कमी आहे. आपल्या जांभ्याच्या प्रदेशानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

झाड जास्तीत जास्त किती उंच होऊ शकतं?

आज माहीत असलेलं सर्वांत उंच झाड कॅलिफोर्नियातलं रेडवूड, सुमारे ११६ मीटर. २००४ च्या एका अभ्यासानं मर्यादा १२२ ते १३० मीटर काढली. त्यापुढे शेंड्यापर्यंत पाणी ओढून धरणं पानांना झेपत नाही.

माझ्या जागेत झाडं अडून बसली आहेत. काय कमी पडतंय ते कसं ओळखू?

मे महिन्यात कुदळ घेऊन जा आणि गुडघाभर खोल खड्डा घ्या. खडक किंवा जांभा हातभरातच लागला तर जात बदला, खत घालून उपयोग नाही. माती खोल असून कोरडीठाक असेल तर झाडं मोजा: जागेच्या मानानं जास्त असतील. मग ऑगस्टात पुन्हा जा. भर दुपारी खाली उभं राहून वर बघा. आभाळाचे तुकडे दिसत नसतील आणि खालची रोपं बारीक, लांबुडकी, उजेडाच्या बाजूला वाकलेली असतील, तर ऊन कमी पडतंय. ऊन, ओल, खोली सगळं ठीक असून पानंच फिकट आणि लहान असतील, तर मातीचा नमुना तपासणीला द्या. पालापाचोळा गोळा करून जाळत असाल तर ते आजच थांबवा. झाडानं वर्षभर मातीतून उचललेलं त्यातच परत येत असतं.